क्रेन मागवा!

मी तोंडाळ बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. आमच्या यारंबुल गावात कुणालाही विचारा. डेब बॉल म्हणजे सतरा-अठराच्या मुली पांढरा झगा घालून जोडीदाराबरोबर पहिल्यांदा गावासमोर नाचतात तो सोहळा; त्यातल्या पोरापोरींना बावीस वर्षं नाच शिकवतेय मी, आणि माझा आवाज हॉलमधून निघून रस्ता ओलांडून पेट्रोलपंपापर्यंत जातो. त्यामुळे त्या रविवारी लिॲनची, म्हणजे माझी, बोबडी वळली म्हटलं, तर अजूनही कुणाला खरं वाटत नाही.

त्या रविवारी दुपारी दोन वाजता हॉलमध्ये सिनेमा लागणार होता, आणि चार वाजता माझी धाकटी बहीण नरेल गावात पोचणार होती. सिनेमा साडेतीनला संपतो. नरेल येईपर्यंत पडदा गुंडाळलेला असेल, खुर्च्या भिंतीला लागलेल्या असतील आणि तिची मुलगी मार्ली पांढरा झगा घालून आईची वाट बघत असेल, असं मी डोक्यात पक्कं बसवलं होतं. सिनेमाचं नरेलला कळायचं काही कारणच नव्हतं.

कारण मी तिला शब्द दिला होता, की मार्लीला तो सिनेमा दाखवणार नाही.

सिनेमा म्हणजे 'डेबचे दहा दिवस'. ब्याण्णवच्या हिवाळ्यात आमच्याच गावात, आमच्याच हॉलमध्ये काढलेला. चार वात्रट पोरं बॉलच्या आधीचे दहा दिवस गावातल्या मुलींच्या मागे लागतात, आणि त्यातला एक शेवटी शहाणा होऊन हिरॉइनचा हात धरून नाचतो, एवढीच गोष्ट. पण त्यात अख्खं गाव आहे हो! बेकरीवाला बसमधून उतरतो, ट्रेव्ह ट्रॅक्टर चालवतो (आता माझा नवरा, तेव्हा नुसता तोंडओळखीचा), आमच्या हॉल कमिटीची अध्यक्ष बेव्ह, तिचा कुत्रा दोनदा दिसतो. मी कुठेच दिसत नाही. मी वीस वर्षांची होते आणि शूटिंगवाल्यांना चहा द्यायच्या कामावर होते.

तेव्हापासून आमच्याकडे रिवाज पडलाय. बॉलच्या आधीच्या रविवारी शेवटची तालीम झाली, की त्या वर्षीच्या सगळ्या डेब, त्यांचे जोडीदार आणि आईबाप मिळून हा सिनेमा बघतात. सगळ्यांचे संवाद पाठ. आणि त्यात एक जागा आहे, तिथे हॉलचं छप्पर उडायचं बाकी राहतं. कपडे बदलायच्या खोलीच्या भिंतीला भोक आहे. चारही पोरं त्याला डोळा लावतात. आत एक जाडी मुलगी, सिनेमात तिला 'पिंप' म्हणतात, झग्याची झिप अडकून रडत असते. एक पोरगा मागे वळतो आणि ओरडतो, "क्रेन मागवा!" मग सगळा हॉल ओरडतो, "क्रेन मागवा!" आणि पाय आपटतो. पहिली आरोळी नेहमी माझी.

ते भोक खरं आहे. शूटिंगवाल्यांनी आमच्या हॉलच्या भिंतीलाच पाडलं होतं. ते गेल्यावर कमिटी ते बुजवायला निघाली होती. मीच भांडले. म्हटलं, गावाची एवढी एक गोष्ट जगाने पाहिली आणि तुम्ही तिला चुना फासताय? मग बेव्ह आणि मी मिळून त्याभोवती पितळी चकती बसवून घेतली. 'त्यांनी इथूनच पाहिलं' असं कोरलंय तिच्यावर. बाहेरगावचे लोक येऊन डोळा लावून फोटो काढतात. दर जूनमध्ये मी ती चकती घासूनपुसून लख्ख करते. खोलीत मुली कपडे बदलत असल्या की आतून खुंटीला एक कोट अडकवायचा, झालं. अहो, एवढ्या वर्षांत आम्हाला कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

आता नरेलचं सांगते. सिनेमा पहिल्यांदा गावात दाखवला त्यानंतरच्या आठवड्यात ती बस पकडून पश्चिमेला निघून गेली. अठरा वर्षांची होती. भांडण नाही, तंटा नाही. नाताळला कार्ड यायचं, त्यावर नुसतं नाव. नऊ वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा आली, चर्चमध्ये बसली, स्मशानात उभी राहिली. पण नंतर सगळं गाव हॉलमध्ये चहाला जमलं, तर ही बाई बाहेर गाडीत बसून राहिली. आईच्या चहाला! मी किटली हातात घेऊन खिडकीतून बघत होते आणि रागाने धुमसत होते. तो राग मी नऊ वर्षं सांभाळला.

पण मार्ली आली आणि बर्फ जरा वितळला. नरेल खाणीच्या छावणीत स्वयंपाकघर चालवते, पोरीच्या शाळेचे हाल व्हायला लागले, तर तिने स्वतःहून फोन केला, "ठेवून घेशील का?" मला मूल नाही. फेब्रुवारीपासून मार्ली माझ्या घरात आहे, आणि सकाळी तिचा टोस्ट जळाल्याचा वास आला तरी मला बरं वाटतं. एप्रिलमध्ये मी नरेलला विचारलं, पोरीला डेब करू दे का?

"करू दे," ती म्हणाली. "पण तो सिनेमा नाही."

"अगं, गमतीचा तर आहे..."

"ली, तिला तिथे बसवलंस तर त्याच दिवशी तिला घेऊन जाईन. आणि मग तुझं-माझं संपलं. कळलं?"

"कळलं बाई, कळलं."

का, ते तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. हिचा आपला नेहमीचा ताठा, म्हणून सोडून दिलं. आणि शेवटी चौदा जोड्या बसणार आणि शिकवणारीचीच भाची बाहेर, हे काही माझ्या पचनी पडेना. बेव्हने भुवया उडवल्या असत्या. म्हणून मी मार्लीला काही बोलले नाही. खुर्च्या मांडल्या आणि तिला दुसऱ्या रांगेत बसवलं.

यंदा नवी प्रत होती. मेलबर्नहून धुऊनपुसून आलेली. इतकी वर्षं आम्ही एकच झिजलेली कॅसेट चालवायचो, अर्धं चित्र पावसात भिजल्यासारखं आणि आवाज डबक्यातून आल्यासारखा. ट्रेव्हने त्यासाठी नवे स्पीकरही लावले होते.

"बघाच आता," तो म्हणाला, "गव्हाचं कणीस न् कणीस दिसेल."

दिसलं खरं. पण कुणी हसेना.

मी पाठीमागे चहाच्या टेबलापाशी उभी होते आणि पोरांच्या मानांकडे बघत होते. चायनीज हॉटेलवाल्याची नक्कल आली, तो दात काढून बोबडं बोलतो ती. आम्ही तिथे पोट धरून हसायचो. मार्लीचा जोडीदार कॅल्विन लिम, त्याचे आजी-आजोबा वीस वर्षं गावातलं तेच हॉटेल चालवत होते. तो आपल्या बुटांकडे बघत बसला. बापरे, हे माझ्या लक्षात कसं नाही आलं कधी? मग हिरो शिडी लावून मुलीच्या खिडकीत चढला.

मार्ली मागे वळली. "मावशी, ती त्याला नाही म्हणाली ना? मग हा परत का चढतोय?"

"अगं, हिरो आहे तो."

"हा?"

पोरी फिस्कन हसल्या, पण सिनेमाला नाही, मला. मला असा राग आला! म्हटलं, काय ही नाजूक पोरं, फुंकर मारली तर रडतील. पण खरं सांगते, नुसता राग नव्हता तो. ज्याच्यावर जीव टाकला ते माणूस पाहुण्यांसमोर अचकट-विचकट बोलायला लागावं, तसं झालं होतं मला. खिडकीतला तो पोरगा मला वीस वर्षांची असताना किती आवडायचा! आता मला वाटत होतं, याला शिडीसकट खाली ढकलावं.

तेवढ्यात बाहेर खडीवर टायर वाजले.

खिडकीच्या पडद्याच्या फटीतून पाहिलं. लाल मातीने माखलेली गाडी, पश्चिमेकडची नंबरप्लेट. तीनलाही दहा मिनिटं कमी होती. नरेल तासभर आधी आली होती.

सिनेमा बंद करायला सांगावं? पण का म्हणून सांगू? तीस-चाळीस आईबापांसमोर म्हणू, की मी बहिणीशी खोटं बोलले? जीभ उचलेना. मी मागच्या दाराने व्हरांड्यात सटकले आणि दार पाठीने लावून घेतलं.

नरेल पायऱ्यांशी उभी होती. केस पिकलेत तिचे. हातात लॅमिंग्टनचा, म्हणजे खोबऱ्यात घोळलेल्या चॉकलेट केकचा डबा, वरून कागद झाकलेला. हॉलमध्ये रिकाम्या हाताने येत नाहीत, हे ती इतक्या वर्षांनीही विसरली नव्हती.

"रात्रभर गाडी हाणली," ती म्हणाली. "म्हटलं, तालीमच बघू जरा. मी आत यायचं ठरवलंय, ली. पोरीसाठी."

आणि तिने पहिल्या पायरीवर पाय ठेवला. नऊ वर्षं ज्यासाठी मी रागावून बसले होते, ते ती आज आपण होऊन करत होती. आणि मी दारात आडवी उभी.

"थांब ना जरा," मी म्हटलं. "आत पसारा आहे. चल, घरी जाऊन आधी..."

"मार्ली आहे ना आत?"

"आहे. तालीम चाललीय."

माझ्या पाठीमागे दारातून सिनेमाचं संगीत आलं. ते ढमढम वाजणारं, पोरं भोकाकडे निघतात तेव्हाचं. नरेलचा चेहरा पांढराफटक पडला. तिने ते संगीत ओळखलं, आणि तिने ओळखलं हे मी ओळखलं.

"ली," ती अगदी हळू म्हणाली, "तू शब्द दिला होतास."

"अगं, सगळी पोरं बघतात. एवढं काय..."

"हो बाजूला."

"नरेल, पाचच मिनिटं..."

"बाजूला हो म्हणते ना!"

तिने मला खांद्याने ढकललं. शाळेत नेटबॉलमध्ये ती गोल राखायची, तिच्या अंगावरून कुणी जाऊ शकायचं नाही. मी भिंतीवर आपटले आणि ती आत गेली. डबा अजून हातात. मी तिच्यामागे धावले. अंधारात ती खुर्च्यांच्या मधून वाट काढत दुसऱ्या रांगेशी पोचली आणि मार्लीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "ऊठ. चल."

"आई? तू कधी..."

"चल आधी!"

पडद्यावर चार पोरं भिंतीला चिकटली होती. मागून बेव्ह ओरडली, "अगं लिॲन, लक्ष कुठाय तुझं? आली की जागा! सुरू कर!"

आणि सवय काय चीज असते बघा. बहीण माझ्यापासून हातभर अंतरावर, तिचा चेहरा तसा, आणि माझं तोंड आपोआप उघडलं. छाती भरली. "क्रे..." एवढं निघालंसुद्धा.

पुढचं निघालं नाही, कारण पोरांपैकी कुणीही माझ्यामागे ओरडलं नाही. हॉल गप्प राहिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या जागेला हॉल गप्प होता, आणि नव्या स्पीकरमधून एका मुलीचं रडणं स्वच्छ ऐकू आलं. हुंदका, मग दम लागल्यासारखा श्वास, आणि मग:

"ली... ली, ये ना गं... ली!"

मला आधी वाटलं, शेजारची नरेलच बोलली. मी तिच्याकडे पाहिलं. तिचे ओठ मिटलेले होते.

मग पडद्याकडे पाहिलं. कॅसेटवर तिथे एक करडा गोळा दिसायचा, तो आम्ही मेलबर्नची नटी समजायचो. आज त्या गोल भोकातून एका मुलीची पाठ दिसत होती, हात मागे वळवून झिपशी झटणारी. झगा पांढरा, पण पाठीवरचा एक पट्टा पिवळसर. तो पट्टा मी शिवताना पाहिलाय. नरेलच्या डेबच्या झग्याला कापड कमी पडलं, तेव्हा आईने स्वतःच्या लग्नाचा झगा फाडून तिथे लावला होता. स्वयंपाकघरातल्या टेबलावर, माझ्यासमोर.

पडद्यावरचा पोरगा मागे वळला आणि एकटाच ओरडला, "क्रेन मागवा!" त्याचा तो आवाज त्या शांततेत अगदी हलकट वाटला.

"ट्रेव्ह!" मी ओरडले. "बंद कर ते! बंद कर!"

पडदा काळा झाला. कुणीतरी दिवे लावले.

मार्ली उभी होती. ती आईकडे बघत होती, पडद्याकडे नाही. "तो तुझा आवाज होता," ती म्हणाली.

नरेलने लॅमिंग्टनचा डबा छातीशी धरला.

"नटीचा सीन शूटिंगवाल्यांना जमत नव्हता," शेवटी ती म्हणाली, कोरड्या आवाजात. "तिला खरं रडता येईना. मला म्हणाले, तुझा झगा घालून खोलीत थांब, गर्दीत उभं राहायला बोलावू. माझी झिप अडकली. भोक पाडलंय हे मला माहीत नव्हतं. पुढच्या वर्षी इथे, या हॉलमध्ये, सगळ्यांबरोबर बघितलं तेव्हा कळलं. तुम्ही सगळे हसत होतात."

बेव्ह खाली बघत होती. आणि मला आई आठवली. दर वर्षी सिनेमा लागला की आई मागे चहाच्या भांड्यापाशी जाऊन बसायची. म्हणायची, तुम्ही बघा, माझे डोळे दुखतात. स्वतःच्या हातचं शिवण तिने त्या करड्या गोळ्यातही ओळखलं असणार. आणि माझी आरोळी ऐकत ती कपबशा पुसत राहिली.

"आई, पण तू मावशीला हाका मारत होतीस," मार्ली म्हणाली. मग माझ्याकडे वळली. सतरा वर्षांची पोर, पण काय ती नजर! "मावशी, तू कुठे होतीस तेव्हा?"

"चहा देत होते," मी म्हटलं.

"लांब?"

आता ऐका. मी 'हो' म्हणू शकले असते. बत्तीस वर्षं झाली, कोण तपासायला जाणार? मैदानात होते, रस्त्यापलीकडे होते, काहीही. मार्लीला ते हवं होतं, तिच्या तोंडावर दिसत होतं. तिला सकाळचा टोस्ट माझ्याच घरात जाळायचा होता. आणि नरेल माझ्या तोंडाकडे असं बघत होती, की ती त्या उत्तराची कितीतरी वर्षं वाट बघत होती हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

"नाही," मी म्हटलं. "भिंतीच्या अलीकडेच होते. त्या बोळात. हातात ट्रे होता."

"मग ऐकलं नाहीस तू?"

"ऐकलं होतं."

मागे एका बाईने 'अगं बाई' म्हटलं. मी मात्र थांबले नाही, थांबले असते तर पुन्हा तोंड उघडलं नसतं. "ऐकलं होतं मी. वाटलं, हिची नेहमीची नाटकं, जाईन दोन मिनिटांत. तो कॅमेरावाला माझ्याकडे बघून हसला होता आणि मी हुरळले होते. कॅमेरा भिंतीला लावलेला मला दिसत होता. आत तू आहेस हे मला माहीत होतं. दोन्ही माहीत होतं, नरेल, आणि मी दोन्ही एकत्र करून बघितलं नाही. तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. वर ते भोक पितळेने मढवून घेतलं. नरेल, मी..."

पुढे मला रडूच फुटलं. चारचौघांत, नाक वाहेपर्यंत.

"मला कपांचा आवाज आला होता," नरेल म्हणाली. "'साखर किती?' असं तू विचारलंस. म्हणून तर मी तुला हाका मारत होते, तू तिथेच होतीस म्हणून. ती हाक ऐकून तू आली नाहीस, आणि पुढच्या वर्षी पहिली आरोळी तुझी." तिने श्वास घेतला. "मी इतकी वर्षं ठरवून ठेवलं होतं, की तू 'ऐकलं नाही' म्हणशील आणि मी तुला खोटारडी म्हणेन. आता काय म्हणू ते सुचत नाहीये."

"काहीही म्हण."

"गप्प बस जरा, ली."

मी गप्प बसले.

तिने डबा खुर्चीवर ठेवला आणि मार्लीचा हात धरला. "चल. सामान नंतर मागवू."

पण मार्ली हलली नाही. "आई, मला शनिवारी नाचायचंय," ती म्हणाली. "कॅल्विनने तीन महिने माझ्याबरोबर पाय घासलेत. आणि तू झगा बघायला आलीयेस ना? मग बघ ना. तो इथेच आहे, त्या खोलीत."

"त्या खोलीत?"

"दुसरी खोलीच नाहीये."

नरेलने स्टेजच्या बाजूच्या बोळाकडे पाहिलं. तिथून चकतीची कड चमकत होती. दोनच दिवसांपूर्वी मी घासली होती ना!

"अजून आहे ते?" तिने मला विचारलं.

"आहे."

"आतून कोट अडकवतात गं मुली," बेव्ह मध्येच म्हणाली, "काही दिसत नाही तसं..."

"बेव्ह, तोंड बंद ठेव!" मी म्हटलं.

नरेल माझ्यापर्यंत चालत आली. इतकी जवळ, की तिच्या डोळ्यांतला रात्रभराचा जागरणाचा लाल रंग दिसला. "मग तू उभी राहा तिथे," ती म्हणाली. "पाठ लावून. ती झगा घालून बाहेर येईपर्यंत. हलायचं नाही, चहाबिहा कुणाला द्यायचा नाही. जमेल?"

"जमेल."

त्या दोघी आत गेल्या. दार लागलं, कडी वाजली. मी बोळात जाऊन भोकाला पाठ लावून उभी राहिले. चकती थंडगार होती, स्वेटरमधूनसुद्धा पाठीला लागत होती.

हॉलमध्ये चहा झाला. पहिल्यांदाच माझ्याशिवाय झाला, आणि सगळं चुकलं. कप कुठे असतात ते कुणाला माहीत नव्हतं, दुधाचं भांडं बेव्हने सांडलं. लोक बोळाच्या तोंडाशी यायचे, मला बघायचे आणि मान खाली घालून जायचे. कुणी काही विचारलं नाही. ट्रेव्ह कप घेऊन आला. मी नको म्हणून मान हलवली. तो जरा वेळ तसाच उभा राहिला, मग म्हणाला, "भोक बुजवायला सिमेंट आणतो," आणि गेला.

गुडघे दुखायला लागले. मी हलले नाही. आतून कापडाची सळसळ येत होती. मार्ली काहीतरी म्हणाली, नरेलने हुं केलं. मग मार्ली कुरकुरली, "अडकली, आई, ओढू नकोस, फाटेल!" मग एकदम दोघी गप्प. ती शांतता मला त्या सिनेमापेक्षा मोठी वाटली.

मग झिप सरकल्याचा आवाज आला. आणि माझ्या पाठीच्या अगदी मागून, भिंतीच्या पलीकडून, हळूच:

"ली?"

मी पाठ आणखी घट्ट भिंतीला टेकवली.

"ली, आहेस ना?"

"आहे गं," मी म्हटलं. "आहे. इथेच आहे."